७२० बाय ३४८: जुनी व्हिडिओ कार्डे पुन्हा चालू करताना

टेबलावर संगणकाचे चित्र मॉनिटरला पाठवणारी चार जुनी कार्डे आणि एक्सटी वर्गाचा (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीच्या जातीचा) एक मदरबोर्ड. एक हर्क्युलिसची (एकरंगी ग्राफिक्सचे कार्ड) नक्कल आणि रंगीत कार्डांच्या तीन पिढ्या: एक सीजीए, एक २५६ केबीचे ईजीए आणि एक १६ बिटी व्हीजीए. चारही बरीच वर्षे डब्यात पडून होती आणि कोणते चालते, कोणते नाही, याची चिठ्ठी एकावरही नव्हती. अशा वेळी हात शिवशिवतात, कार्ड स्लॉटमध्ये घालून बटण दाबावेसे वाटते. ते करायचे नाही. आधी ओळख, मग मीटर, मग साफसफाई आणि वीज सगळ्यात शेवटी.

ओळख पटवणे वाटते तितके सोपे नाही, कारण एमडीए (आयबीएमचे फक्त अक्षरांचे एकरंगी कार्ड), हर्क्युलिस, सीजीए आणि ईजीए या चौघांच्या मागे तेच ९ पिनांचे सॉकेट असते. पिना सारख्या, अर्थ वेगळे. एमडीए आणि हर्क्युलिसमध्ये चित्र ७व्या पिनेवर येते आणि ६वी पीन उजळपणाची. सीजीएमध्ये ३, ४, ५ या लाल, हिरवा, निळा, ६वी उजळपणाची आणि ७वी मोकळी. ८वी आडव्या सिंकची आणि ९वी उभ्या सिंकची (नवी रेषा आणि नवे चित्र कधी सुरू करायचे ते मॉनिटरला सांगणारे इशारे) हे मात्र सगळीकडे कायम. ध्रुवता पुन्हा वेगळी: सीजीएचे दोन्ही सिंक धन, एमडीएचा आडवा धन आणि उभा ऋण.

म्हणून सॉकेटकडे पाहून ठरवू नये, कार्डाला ठोके देणारा क्रिस्टल पाहावा. त्याच्या धातूच्या डबीवर १६.२५७ मेगाहर्ट्झ छापले असेल आणि शेजारी ४० पायांची ६८४५ चिप (पडदा रंगवण्याची वेळ सांभाळणारी) व २५ छिद्रांचे प्रिंटर सॉकेट असेल तर ते एमडीए किंवा हर्क्युलिस. ६८४५ आहे, पण क्रिस्टल नाही आणि मागे पिवळ्या तारेचे गोल फोनो सॉकेट आहे, तर बहुधा सीजीए. त्याला लागणारे १४.३१८१८ मेगाहर्ट्झ ते स्लॉटच्या बी३० पिनेवरून घेते. ईजीएवर १६.२५७ चा क्रिस्टल असतो, पण मागच्या धातूच्या पट्टीतून बाहेर डोकावणारे चार खटक्यांचे डीआयपी स्विच आणि स्वतःची बायोस रॉम (कार्ड सुरू करणारा प्रोग्राम साठवलेली चिप) या दोन खुणांवरून ते वेगळे कळते. व्हीजीएला १५ पिनांचे तीन रांगांचे सॉकेट, तिथे प्रश्नच नाही. फसवतात ती नंतरच्या काळातली जोडकार्डे. एकाच कार्डावर हर्क्युलिस आणि सीजीए दोन्ही, आणि कोणते चालू हे एका बारीक खटक्यावर.

एवढी चौकशी कशासाठी? मॉनिटर वाचवण्यासाठी. एमडीएची आडवी वारंवारता १८.४३२ किलोहर्ट्झ, सीजीएची १५.७, ईजीएची ३५० रेषांच्या मोडमध्ये सुमारे २१.८ आणि व्हीजीएची ३१.५. आयबीएम ५१५१ सारख्या हिरव्या मॉनिटरमध्ये आडवा विक्षेप कार्डाकडून येणाऱ्या सिंकवरच चालतो, चुकीचा सिंक नाकारण्याची अक्कल त्याला नाही. त्याला सीजीए जोडले तर आडव्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर आणि फ्लायबॅकवर (उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो आणि बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. असा आवाज आला तर विचार करत बसू नये, वीज तोडावी.

मग मीटर. कार्ड बसते त्या आयएसए स्लॉटच्या बी बाजूला, मागच्या धातूच्या पट्टीकडच्या टोकापासून मोजत गेले की बी१ आणि बी१० ग्राउंड, बी३ वर ५ व्होल्ट, बी५ वर उणे ५, बी७ वर उणे १२ आणि बी९ वर १२. कार्ड हातात घेऊन या प्रत्येक व्होल्टेजच्या तांब्याच्या पट्टीचा ग्राउंडशी रोध मोजला. ५ व्होल्टच्या पट्टीवर शे-दोनशे ओहम किंवा जास्त दिसले तर काळजी नाही. चिपा जास्त असतील तर त्याहूनही कमी दिसतो. १२ आणि उणे १२ वर मात्र किलोओहम दिसायला हवेत. ईजीएवर बी९ ते ग्राउंड ०.८ ओहम आले. म्हणजे टँटलम.

टँटलम कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिला की आतून शॉर्ट होतो आणि १२ व्होल्टच्या पट्टीवरचे आधी जातात, कारण तिथे १६ व्होल्टचाच नग घालायची तेव्हाची रीत होती. शॉर्ट नग घेऊन वीज दिली तर दोनच गोष्टी घडतात: चांगला पॉवर सप्लाय लगेच बंद पडतो, नाहीतर नग फटाक्यासारखा पेटतो. ईजीएवरचा काढला आणि जागेवर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घातला. इथे एक सापळा आहे. टँटलमवर खूण धन टोकाला असते, साध्या इलेक्ट्रोलायटिकवर पट्टा ऋण टोकाला. दुसऱ्या जातीचा नग घालताना डोळे सवयीने चुकतात आणि उलटा टँटलम काही सेकंदांत जातो. तीन पायांचा असेल तर मधला पाय धन आणि बाजूचे दोन्ही ग्राउंड, तो उलटा लावताच येत नाही. ही शहाणी योजना पुढे का सोडून दिली कोण जाणे.

साफसफाईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सोनेरी कडेवर आधी पांढरा खोडरबर हलक्या हाताने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर अजिबात नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो. सॉकेटमध्ये बसवलेली प्रत्येक चिप मात्र एकदा अर्धी उचलून परत दाबावी. ६८४५, अक्षरांची रॉम, बायोस रॉम. वर्षानुवर्षांच्या गरम-थंडाने त्या हळूहळू वर सरकलेल्या असतात आणि पायांवर काळा थर चढलेला असतो. मेलेली म्हणून आलेली निम्मी कार्डे इतक्यावरच बोलू लागतात, असा अनुभव आहे.

मदरबोर्डवरच्या एसडब्ल्यू१ चे ५ आणि ६ हे खटके व्हिडिओचे. दोन्ही बंद म्हणजे एमडीए. ५ चालू, ६ बंद म्हणजे ८० रकान्यांचे सीजीए. ५ बंद, ६ चालू म्हणजे ४० रकान्यांचे सीजीए. दोन्ही चालू म्हणजे 'बोर्डाला माहीत असलेले कार्ड नाही', आणि ईजीए, व्हीजीएसाठी हेच हवे, कारण ती स्वतःच्या बायोसने उठतात. पहिल्या पिढीच्या आयबीएम पीसीमध्ये, म्हणजे बायोसची तारीख २७ ऑक्टोबर १९८२ च्या आधीची असेल तर, बोर्ड कार्डावरची रॉम शोधतच नाही. तिथे ईजीए कितीही निरोगी असले तरी पडदा काळाच. आधी रॉम बदलावी लागते.

पहिला मान हर्क्युलिसच्या नकलेला. खटके दोन्ही बंद, मॉनिटर हिरवा, बटण दाबले. एक लांब आणि दोन छोट्या बीप. आयबीएमच्या आणि बहुतेक नकलांच्या बायोसमध्ये याचा अर्थ व्हिडिओ तपासणीत नापास. पण तपासणी तिथे थांबत नाही, पुढे जाते, आणि थोड्या वेळाने पडदा उजळला. रिकाम्या पडद्यावर सगळीकडे डॉलरची चिन्हे. जिथे ए हवा तिथे ई. जिथे बी हवा तिथे एफ.

हा गोंधळ दिसतो, पण तो सरळ हिशेब आहे. मोकळ्या जागेचा कोड हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २०, डॉलरचा २४. ए चा ४१, ई चा ४५. बी ४२, एफ ४६. प्रत्येक ठिकाणी ४ ची भर, म्हणजे बिट २ कायमचा १ वर अडकलेला. अक्षरांचे रंगरूप मात्र ठीक होते, ठळक किंवा उलटे काही नाही, आणि त्याचेही कारण आहे: या मेमरीत सम पत्त्यावर अक्षर आणि विषम पत्त्यावर त्याचा गुणधर्म असतो, आणि साध्या अक्षराचा गुणधर्म ०७. त्यात बिट २ मुळातच १ असतो. बिघाड तिथेही होता, फक्त दिसत नव्हता. असाच बिट ७ अडकला असता तर पडदाभर अक्षरे लुकलुकली असती.

आता प्रश्न असा की बिट नेमका कुठे अडकलाय. मेमरीत, की मेमरी आणि अक्षरांची रॉम यांच्यामधल्या लॅचमध्ये (वाचलेला बाइट क्षणभर धरून ठेवणाऱ्या चिपेत)? यासाठी सीजीए कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये घातले आणि खटके सीजीएवर टाकले. दोन कार्डे एकत्र नांदतात, कारण एमडीएची मेमरी बी०००० वर आणि सीजीएची बी८००० वर, ६८४५ चे पोर्ट एकाचे ३बी४ आणि दुसऱ्याचे ३डी४. एक कार्ड डॉक्टर आणि दुसरे रोगी, असा हा मांडव. डॉस चालू करून डीबग (मेमरी आणि पोर्ट हाताने वाचण्या-लिहिण्याचा त्यातला प्रोग्राम) उघडले (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांतच टंकायच्या) आणि एफ बी०००:० एल एफए० २० ०७ ही आज्ञा दिली. एफए० म्हणजे ४०००, बरोबर ८० गुणिले २५ गुणिले २. मग डी बी०००:० ने परत वाचले. २० लिहिले होते, २४ वाचले गेले. म्हणजे बिघाड मेमरीतच किंवा स्लॉट आणि मेमरी यांच्यामधल्या बफर चिपेत. वाचताना २० आले असते आणि पडद्यावर डॉलर दिसला असता, तर मेमरी निर्दोष आणि पुढचा लॅच दोषी ठरला असता.

ही चाचणी करताना एक अट आहे. ६८४५ ला किमती मिळालेल्या असायला हव्यात. या कार्डांवरची डायनॅमिक मेमरी पडदा रंगवताना होणाऱ्या वाचनातूनच ताजी राहते. ६८४५ झोपलेली असेल तर मेमरी काही क्षणांत विसरते आणि चांगली चिपही खराब दिसते. म्हणून आधी मोड मोनो, मग मोड सीओ८०, आणि नंतरच डीबग.

बफर ७४एलएस२४५ आहे. त्याच्या मेमरीकडच्या पायावर लॉजिक प्रोब लावला तर लिहिताना बिट २ वरखाली होत होता, म्हणजे लिहिलेले आतपर्यंत पोचत होते. उरली मेमरी. या कार्डावर ४४६४ जातीच्या दोन चिपा, प्रत्येकी ६४के गुणिले ४ बिट. एकीत खालचे चार बिट, दुसरीत वरचे चार. बिट २ खालच्या चिपेत. शंका असेल तर चांगली चिप वर चढवून पाहतात, पण ती युक्ती जुन्या चिपेचा पाय तुटका असेल तरच चालते; तो १ ला घट्ट धरून बसला असेल तर वरची चिप त्याला हरवू शकत नाही. इथे चालली नाही. मग अठराही पाय बारीक कटरने कापले, एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने गरम करून चिमट्याने काढला, छिद्रे साफ केली आणि १८ पायांचे सॉकेट बसवले. अख्खी चिप उपटण्याच्या नादात छिद्रातला तांब्याचा नळ उपटून येतो, आणि मग एका चिपेऐवजी अख्ख्या कार्डाचे काम होते. जुनी चिप १५० नॅनोसेकंदांची होती, नवी १०० ची घातली. वेगवान चालते, हळू चालत नाही.

डॉलर गेले, बीप गेली. पण काम संपले असे मानू नये. बायोस एकरंगी कार्डाची फक्त पहिली ४ केबी तपासते. हर्क्युलिसवर ६४ केबी असतात, म्हणजे ६० केबी कोणी पाहिलेलीच नसते. ती ग्राफिक्समध्येच उघडी पडते, आणि ग्राफिक्स मोड बायोसला ठाऊकच नाही. तो हाताने लावावा लागतो.

सीजीए अजून शेजारी होतेच, आणि इथे ते दुसऱ्या कारणाने उपयोगी पडते: डीबग सीजीएच्या पडद्यावर लिहितो, त्यामुळे हर्क्युलिसच्या ६८४५ मध्ये मधेच कोणी हात घालत नाही. आधी पोर्ट ३बीएफ वर १, म्हणजे ग्राफिक्सला परवानगी, पण पहिल्याच पानापुरती. इथे ३ लिहू नका. ३ मुळे दुसरे पान बी८००० वर उघडते आणि ते सरळ सीजीएच्या मेमरीवर जाऊन बसते. मग ३बी८ वर २, म्हणजे ग्राफिक्स मोड, पण पडदा बंद. त्यानंतर ३बी४ वर रजिस्टरचा क्रमांक आणि ३बी५ वर किंमत, असे ० पासून हेक्स बी पर्यंत बारा वेळा: ३५, २डी, २ई, ०७, ५बी, ०२, ५७, ५७, ०२, ०३, ००, ००. शेवटी ३बी८ वर ०ए, पडदा चालू.

या बारा आकड्यांत हर्क्युलिसचे सगळे गुपित आहे. पहिला ३५, म्हणजे दशमानात ५३. ६८४५ तो एकने वाढवून घेते, ५४. प्रत्येक घर १६ बिंदूंचे, म्हणून रेषा ८६४ बिंदूंची. १६.२५७ मेगाहर्ट्झला ८६४ ने भागा, १८.८ किलोहर्ट्झ. दुसरा २डी, म्हणजे ४५. ४५ गुणिले १६ बरोबर ७२०. हे दिसणारे बिंदू. सातवा ५७, म्हणजे ८७, आणि प्रत्येक ओळ चार स्कॅन रेषांची, कारण दहावा आकडा ०३. ८७ गुणिले ४ बरोबर ३४८. एमडीएच्या अक्षरांना ३५० रेषा मिळतात, २५ गुणिले १४. ग्राफिक्सला ३४८ च का, याचे उत्तर एवढेच: ३५० ला ४ ने भाग जात नाही. दोन रेषा कुठे हरवलेल्या नाहीत, भागाकारात सुटलेल्या आहेत.

मेमरीही चारच्याच हिशेबात. रेषा ०, ४, ८ पहिल्या ८ केबीत. १, ५, ९ दुसऱ्या ८ केबीत. असे चार कप्पे, प्रत्येकात ८७ रेषा गुणिले ९० बाइट, म्हणजे ७८३० बाइट. म्हणून पूर्ण पडदा एफ बी०००:० ७एफएफएफ एफएफ ने भरला आणि दर चौथी रेषा काळी राहिली, तर एक अख्खा कप्पा पोचत नाही असे समजावे. पत्त्याच्या वरच्या ओळीतला मल्टिप्लेक्सर (अनेक ओळींतून एक निवडणारी चिप) पाहावा. उभ्या काळ्या पट्ट्या दर आठ बिंदूंनी दिसल्या तर एक बिट अडकलेला. इथे पडदा सलग उजळला. मग ५५ आणि एए ने भरून उलटसुलट पट्टे पाहिले, आणि कार्ड बाजूला ठेवले.

अक्षरांच्या रॉमबद्दल एक नोंद, कारण ती वारंवार कामी येते. आयबीएमने एमडीए आणि सीजीए दोन्हीसाठी ८ केबीची एकच रॉम वापरली. पहिल्या ४ केबीत एमडीएची १४ रेषांची अक्षरे, वरचा भाग आधी आणि खालचा नंतर; पुढच्या ४ केबीत सीजीएची बारीक आणि जाड अशी ८ रेषांची दोन वळणे. ही रॉम २४ पायांची आहे, त्यामुळे जागेवर २८ पायांची २७६४ बसत नाही. ६८७६६ मिळाली तर ती सरळ बसते, नाहीतर मधे अडॅप्टर. बहुतेक नकलांवर मात्र २७६४ चेच सॉकेट असते. आणि चौकटीच्या आडव्या रेषा तुटक दिसल्या तर रॉमला दोष देऊ नये: एमडीएचे घर ९ बिंदू रुंद, रॉममध्ये मात्र ८ च. सी० ते डीएफ या कोडांसाठी नववा बिंदू आठव्याची नक्कल म्हणून एक छोटे सर्किट घालते. तुटते ते हे सर्किट.

सीजीए डॉक्टर म्हणून चालतच होते, पण लाल रंग नव्हता. पांढरे ते आकाशी, जांभळे ते निळे. लॉजिक प्रोब ३ऱ्या पिनेवर मेलेला, आउटपुट बफरच्या (इथे ७४एलएस२४४) आत जाणाऱ्या पायावर जिवंत. बफर बदलला, लाल आला. हे बफर असे एकट्याने मरत नाहीत. चालू यंत्रात केबल काढघाल केली किंवा केबलमध्ये ३री पीन ग्राउंडला टेकली की जातात, म्हणून बफर बदलण्याआधी केबल मीटरवर तपासली. २ आणि ३ यांच्यात शॉर्ट निघाला. आधी बफर बदलला असता तर दुसराही गेला असता.

आयबीएमच्या मूळ सीजीएवर ८० रकान्यांत पांढरे ठिपके उडताना दिसतात त्याला बर्फ म्हणतात आणि तो बिघाड नाही. मेमरीला दार एकच. ८० रकान्यांच्या अक्षरांना सगळा वेळ पडद्यासाठीच लागतो, आणि प्रोसेसर मधे घुसला की पडद्याला त्या क्षणी चुकीचा बाइट मिळतो. ४० रकान्यांत आणि ग्राफिक्समध्ये अर्धा वेळ मोकळा असतो, तिथे बर्फ नाही. सभ्य प्रोग्राम पोर्ट ३डीए चा बिट ० पाहून थांबतात. बर्फ पाहून मेमरी बदलायला निघालेले लोक पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले. तसेच रंग ६ चे: सिग्नलनुसार तो मळकट पिवळा आहे, आयबीएम ५१५३ हा मॉनिटर स्वतः हिरवा अर्धा करून त्याचा तपकिरी बनवतो. जुना सिग्नल नव्या पडद्याजोगा करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये ही सोय नसेल तर तपकिरीच्या जागी मोहरी दिसते.

फोनो सॉकेटमधले चित्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीचे आहे. १४.३१८१८ ला ४ ने भागले की ३.५८ मेगाहर्ट्झ, तोच रंगाचा वाहक. त्यामुळे ६४० बाय २०० च्या काळ्यापांढऱ्या मोडमध्ये शेजारचे बिंदू मिळून रंग बनतात, सोळापर्यंत. पाल पद्धतीच्या (भारतात होती त्या) टीव्हीवर हे होत नाही. रंग सरकलेले दिसले तर आयबीएमच्या बोर्डावर क्रिस्टलजवळचा छोटा ट्रिमर प्लास्टिकच्या पेचकसाने किंचित फिरवावा. ही जागा कार्डावर शोधत बसतात, ती मदरबोर्डवर आहे.

ईजीए टँटलमनंतर तयार. खटके दोन्ही चालू. पट्टीवरच्या चार खटक्यांपैकी १ बंद, २ आणि ३ चालू, ४ बंद, म्हणजे ३५० रेषांचा रंगीत मॉनिटर आणि ईजीए मुख्य. नकलांवर हा क्रम बहुधा तसाच असतो, पण चालू-बंदची बाजू उलटी छापलेली सापडते. शंका असेल तर मीटर लावावा. दुसरी पीन विसरू नये. सीजीएत ती ग्राउंड, ईजीएत दुय्यम लाल. सीजीएच्या मॉनिटरला ईजीए जोडायचे तर कार्डावरचा जंपर ग्राउंडकडे हवा, नाहीतर कार्डाचे आउटपुट मॉनिटरच्या ग्राउंडशी शॉर्ट होते. ३५० रेषांना उभा सिंक ऋण, २०० रेषांना धन. मॉनिटर याच खुणेवरून वारंवारता बदलतो.

पडदा काळा, बीपही नाही. हर्क्युलिस शेजारी घालून (आता ते डॉक्टर) डीबगमध्ये डी सी०००:०. सुरुवातीला ५५ एए हवे, त्यानंतर लांबी ५१२ च्या पटीत. १६ केबीची रॉम असेल तर हेक्स २०. इथे ५५ एए २० सगळे बरोबर होते, १ई पासून आयबीएम ही तीन अक्षरेही होती, जी नकलांनाही ठेवावी लागली कारण काही प्रोग्राम तिथे पाहत. मग बोर्ड हिला हाक का मारत नाही? रॉममधल्या सर्व बाइटांची बेरीज २५६ च्या हिशेबात शून्य यावी लागते. एक बिट जरी विरला तरी बेरीज चुकते आणि बोर्ड कार्डाकडे पाठ फिरवतो. ही रॉम ईप्रॉम जातीची, काचेतून आत जाणाऱ्या अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी; काचेवरची चिठ्ठी गळून पडली होती, त्याचा हा परिणाम. त्याच कार्डाच्या दुसऱ्या नगावरची रॉम वाचून नवी २७१२८ भरली, काचेवर अपारदर्शक चिठ्ठी लावली. कार्ड उठले. फक्त ६४ केबी असलेले ईजीए ६४० बाय ३५० मध्ये चारच रंग दाखवते, सोळासाठी किमान १२८ केबी लागते. तो बिघाड समजू नये.

व्हीजीएचे दुखणे वेगळे. १६ बिटी कार्ड ८ बिटी स्लॉटमध्ये मागचे शेपूट हवेत ठेवून बसते, पण त्याची बायोस ८०८८ च्या आज्ञांत लिहिलेली हवी आणि कार्डाने ८ बिटांवर चालायचे मान्य करायला हवे. काहींवर त्याचा जंपर असतो, काही स्वतः ओळखतात, काहींना हे जमतच नाही. या कार्डाची बायोस ८०१८६ च्या आज्ञा वापरणारी निघाली आणि यंत्र गोठले. ८०८८ काढून एनईसी व्ही२० बसवला. त्याला त्या आज्ञा येतात, आणि पाय जुळतात. कार्ड चालले.

मॉनिटर न जोडता चालू केले आणि तो नंतर जोडला तर मात्र पडदा करडा आला. व्हीजीए सुरू होताना लाल, हिरव्या, निळ्या तारांवर ७५ ओहमचा भार आहे का ते पाहते. भार नसेल किंवा फक्त हिरव्यावर असेल तर ती एकरंगी मॉनिटर समजून ३बी४ वर जाते. आधी केबल, मग वीज.

एटी बोर्डावर (एक्सटीनंतरच्या १६ बिटी जातीच्या) हर्क्युलिस आणि १६ बिटी व्हीजीए एकत्र घातली तर हर्क्युलिसवर कचरा दिसतो. एटीमध्ये '१६ बिटी आहे' हा इशारा वरच्या पत्त्यांवरून, १२८ केबीच्या तुकड्यांत द्यावा लागतो. ए०००० ते बीएफएफएफएफ हा एकच तुकडा, म्हणून व्हीजीए हर्क्युलिसच्या पत्त्यांसाठीही १६ बिटांचा होकार देऊन टाकते. व्हीजीए ८ बिटांवर टाकली की भांडण मिटते. एक्सटीवर सगळेच ८ बिटी, तिथे हा प्रश्न येत नाही.

जुना मॉनिटर नसेल तर कन्व्हर्टर. जीबीएस-८२०० जातीचे बोर्ड साधारण १५, २४ आणि ३१ किलोहर्ट्झच्या आसपासच सिग्नल धरतात. सीजीए बसते, एमडीएचे १८.४ आणि ईजीएचे २१.८ बाहेर राहतात. शिवाय त्यांना ०.७ व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल हवा. प्रत्येक रंगाला सुमारे ४७० ओहमचा रोध मालिकेत न घालता या कार्डांचा टीटीएल (० किंवा सुमारे ५ व्होल्टचा डिजिटल) सिग्नल सरळ देऊ नये. रास्पबेरी पाय झिरोवर चालणारे आरजीबीटूएचडीएमआय चारही डिजिटल जाती धरते, पण बिंदूंचा हिशेब त्याला अचूक सांगावा लागतो. एमडीएच्या अक्षरांत रेषा ८८२ बिंदूंची (९८ घरे गुणिले ९), हर्क्युलिसच्या ग्राफिक्समध्ये ८६४ ची. एका मोडसाठी साठवलेली मांडणी दुसऱ्याला लावली की उभ्या रेषा थरथरतात आणि चित्र एका बाजूला सरकते. अक्षरांची वेगळी आणि ग्राफिक्सची वेगळी अशा दोन मांडण्या साठवल्या, थरथर गेली.

व्हीजीएला कन्व्हर्टर लागत नाही, पण तिच्या अक्षरांचा मोड ७२० बाय ४००, ७० हर्ट्झ आहे, आणि काही एलसीडी त्याला ६४० बाय ४०० समजून मधले बिंदू गाळतात. अक्षराची एखादी उभी काडी गायब दिसली तर कार्ड काढण्याआधी दुसरा पडदा लावून पाहावा.